छापील फोटोवर फोटोग्राफरने सही करावी का? फोटोग्राफर आणि ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात माझं काम चालतं. निम्मं काम लग्न, मुंज, डोहाळजेवण आणि घरगुती पोर्ट्रेटचं. उरलेलं खाडीतल्या पक्ष्यांचं आणि शहराचं. दोन्ही प्रकारचे प्रिंट मी विकतो. सहीचा प्रश्न दोन्हीकडे येतो, पण उत्तर दोन्हीकडे सारखं नाही. नव्याने धंद्यात उतरलेली मुलं विचारतात, घराच्या भिंतीसाठी मोठा फोटो घेणारे विचारतात, आणि फ्रेमवालेही विचारतात. त्या सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे.

एका वाक्यात सांगा, सही करावी की नाही?

करावी, पण सरसकट नाही. स्वतःच्या मनाने काढलेला फोटो असेल तर समोर, चित्राखालच्या पांढऱ्या कडेवर. ग्राहकाने पैसे देऊन काढून घेतलेला असेल तर मागच्या बाजूला. समोर फक्त त्याने मागितली तर. आणि जो प्रिंट आपण स्वतः हातात धरून, उजेडात नेऊन पाहिलेला नाही, त्यावर कुठेच नाही. पहिल्या दोन बाबतींत माणसामाणसाची आवड वेगळी असू शकते. तिसरी बाब मी सोडत नाही.

तिसऱ्या बाबीवर इतका भर का?

कारण सही केली की त्या कागदाची जबाबदारी आपली झाली. एकच फाइल दोन लॅबना पाठवून बघा. एकीकडून त्वचा लालसर येते, दुसरीकडून पिवळट. पैठणीचा जांभळा निळा होतो, हिरवा चुडा काळपट दिसतो. नवरीच्या आईला तो रंग तोंडपाठ असतो, कारण साडी तिने स्वतः दुकानात बसून निवडलेली असते. फाइल आपली असली तरी ग्राहकाच्या घरात जातो तो कागद. म्हणून सहीचा अर्थ मी असा धरतो: हा कागद मी निवडला, हे रंग मी तपासले, यात काही बिघाड निघाला तर प्रिंट घेऊन माझ्याकडे या.

लॅबमधून थेट ग्राहकाच्या घरी कुरिअरने जाणाऱ्या प्रिंटवर सहीचा शिक्का छापून पाठवायची पद्धत वाढते आहे. ती मला मान्य नाही. फाइलमध्येच चिकटवलेली सही लॅबचं मशीन छापतं, आणि ते चांगल्या-वाईट दोन्ही प्रिंटवर ती सारखीच छापतं.

पण जुने फोटोग्राफरही नाव छापूनच देत होते ना?

देत होते. एकोणिसाव्या शतकातले नावाजलेले छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या अनेक प्रिंटवर नाव आणि क्रमांक दिसतो तो निगेटिव्हवरच लिहिलेला असायचा, त्यामुळे प्रत्येक प्रतीत आपोआप यायचा. त्यांनी 1896 मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला होता. आज त्यांचं काम ओळखता येतं, क्रमाने लावता येतं, त्याला या नाव-क्रमांकाचा मोठा हातभार आहे. आपल्या आजी-आजोबांच्या फोटोंच्या जाड पुठ्ठ्यावरही कोपऱ्यात स्टुडिओचं नाव दाबून उठवलेलं असतं. त्या काळी प्रिंट त्याच स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत, त्याच माणसांच्या नजरेखाली तयार व्हायचा. छापलेल्या नावामागे ती नजर होती. आज छपाई आपल्या हाताबाहेर गेली आहे, म्हणून हाताने केलेल्या सहीची गरज उलट वाढली आहे.

ग्राहकाने पैसे दिले, म्हणजे फोटो त्याचा. मग फोटोग्राफरचं नाव कशाला?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण तो रास्त आहे. कायदा इथे ग्राहकाच्या बाजूला बराच झुकलेला आहे, आणि हे पुष्कळ फोटोग्राफरना ठाऊक नसतं. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो सांगणारा माणूस. म्हणजे लग्नाचे फोटो, करारात काही वेगळं लिहिलं नसेल तर, लग्नघराचे. ते त्यांनी कुठेही छापावेत, कितीही प्रती काढाव्यात.

पण फोटोचा कर्ता कोण, याचं उत्तर त्याच कायद्यात वेगळं आहे: ज्याने तो काढला तो. आणि कलम 57 प्रमाणे ‘हे काम माझं आहे’ असं सांगण्याचा कर्त्याचा हक्क कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी उरतो. त्याच कलमात, कामाची मोडतोड करून आपल्या लौकिकाला धक्का लावला तर दाद मागता येते. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, त्या खटल्यात 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कर्त्याचा हा हक्क उचलून धरला. काम शिल्पाचं होतं, पण कलम तेच.

तेव्हा माझं म्हणणं असं: फोटो तुमचा, काढला मी. मागच्या बाजूला माझं नाव असण्याने तुमच्या मालकीचं काही कमी होत नाही. समोरची बाजू मात्र तुमच्या घराची आहे. दिवाणखान्यात पाहुणा आला की त्याला तुमच्या मुलीचा चेहरा दिसावा, माझी सही नाही.

हे करारात लिहावं का?

हो, दोन ओळींत. सही कुठे असेल, आणि तुमचे फोटो मी नमुना म्हणून इतरांना दाखवू शकतो का. दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. ग्राहकाचा चेहरा आपल्या जाहिरातीत वापरायचा तर ॲडव्हान्स घेतानाच परवानगी घ्यावी, अल्बम देताना नाही.

सही म्हणजेच वॉटरमार्क का?

नाही. वॉटरमार्क म्हणजे चित्रावरच उमटवलेलं फिकट नाव. तो पैसे न भरलेल्या फाइलवर असतो, निवडीसाठी पाठवताना. विकलेल्या प्रिंटवर वॉटरमार्क आला तर ग्राहकाने तो परत करावा, आणि फोटोग्राफरने मुकाट्याने बदलून द्यावा.

सही नेमकी कुठे करायची?

चित्राच्या आत नाही, ही पहिली गोष्ट. प्रिंट मागवतानाच चारही बाजूंनी पांढरी कड ठेवायला सांगा, खाली थोडी जास्त. सही उजवीकडे, चित्राच्या कडेपासून जवळ; क्रमांक असेल तर डावीकडे. फ्रेमवाल्याला आधी सांगा की माउंटची, म्हणजे प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, खिडकी सही दिसेल इतकी मोठी काप. न सांगितल्यास तो चित्राच्या कडेवर कापतो आणि सही आत दडते. त्याची चूक नसते, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

काही जण माउंटवर सही करतात. दिसायला ती फार सुरेख दिसते, आणि ॲन्सेल ॲडम्ससारख्या थोर अमेरिकी छायाचित्रकाराच्या सह्याही माउंटवर आहेत. पण त्यांचे प्रिंट त्या पुठ्ठ्यावर कायमचे चिकटवलेले असत. आपल्याकडे माउंट सुटा असतो. दहा-बारा पावसाळे गेले की त्यावर तपकिरी ठिपके येतात, फ्रेम बदलताना तो कचऱ्यात जातो, आणि त्याबरोबर सहीही. सुट्या माउंटवर सही करू नका.

मागच्या बाजूला करायची तर मधोमध नको. खालच्या कोपऱ्यात, चित्राच्या मागे नव्हे तर कडेच्या मागे. नाव, कुठे काढला, कोणत्या वर्षी काढला, कोणत्या वर्षी छापला, कागद कोणता. फोटो 2016 चा आणि प्रिंट 2024 चा असं सर्रास होतं. दोन्ही वर्षं लिहा.

कोणतं पेन वापरायचं?

हे कागदावर ठरतं, आणि इथेच सगळ्यात जास्त प्रिंट वाया जातात.

सुती कागदावर, म्हणजे कॉटन रॅगवर, साधी पेन्सिल. एचबी किंवा बी. ग्राफाइट उडत नाही, पसरत नाही, कागदाच्या धाग्यात बसतं, आणि नंतर कोणी पुसून दुसरं नाव घातलं तर कागदावर खूण राहते. लोकांना पेन्सिल म्हणजे कच्चं काम वाटतं. तसं नाही, जगभर छापचित्रकार पेन्सिलनेच सह्या करत आले आहेत.

लॅबमधून येणारा नेहमीचा फोटो कागद प्लास्टिकचा थर दिलेला असतो, त्यावर पेन्सिल चालत नाही. तिथे पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन घ्या, पिग्मा मायक्रॉनसारखं. चकचकीत कागदावर तेही पटकन वाळत नाही, म्हणून त्याच लॅबच्या, त्याच कागदाच्या वाया गेलेल्या पट्टीवर आधी करून पाहा आणि बोट फिरवून बघा. गडद कडेवर पांढरं किंवा चंदेरी पेंट मार्कर.

बॉलपेन नको. समोर केलं तर शाई धरत नाही, मागे केलं तर दाबामुळे रेघ समोर उठते, आणि तिरप्या उजेडात चेहऱ्यावर ओरखडा दिसतो. साधा परमनंट मार्करही नको. त्याची शाई वर्षांनी पसरते, फिकी पडते, कधी पाठीमागून पुढे झिरपते. शाईचं फाउंटन पेन तर विसराच.

आणि पावसाळा. ठाणे-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की इतर वेळी काही मिनिटांत वाळणारी सही तासभर ओली राहते. सही करून लगेच प्रिंट एकावर एक ठेवू नका. मी या महिन्यांत सही केलेला प्रिंट बंद खोलीत, पंख्याखाली, रात्रभर उघडा ठेवतो. इंकजेट प्रिंट असेल तर तसाही फ्रेम करण्याआधी किमान एक दिवस मोकळा ठेवायलाच हवा, नाहीतर आतल्या द्रवाची वाफ काचेवर धुक्यासारखी बसते. काच प्रिंटला टेकणार नाही हेही बघा. दमट हवेत टेकलेला प्रिंट काचेला चिकटतो, मग सही आणि फोटो दोन्ही काचेबरोबरच निघतात.

कॅनव्हास आणि ॲक्रिलिकवर?

कॅनव्हासवर बाजूच्या वळवलेल्या पट्टीवर, ॲक्रिलिक पेंट पेनने. ॲक्रिलिकवर नको, मागे लेबल लावा.

गेलेल्या माणसाचा फोटो करून दिला, त्यावर सही करायची का?

समोर कधीही नाही. हा फोटो भिंतीवर वेगळ्या जागी लागतो. त्याला हार घालतात, काचेवर गंध लावतात, तिथीला समोर दिवा ठेवतात. घरातली लहान मुलं त्याच्या पाया पडतात. त्या चौकटीत दुसऱ्या कोणाचं नाव असू नये. विचारायचीही गरज नाही, न विचारता टाळावं.

मागे मात्र आवर्जून लिहावं, आणि नुसती सही नाही. त्या व्यक्तीचं पूर्ण नाव, मूळ फोटो कधीचा, कुठला, ही माहिती घरच्यांना विचारून पेन्सिलने किंवा लेबलवर लिहून द्यावी. आज घरात सगळ्यांना ठाऊक असतं की हे आजोबा. दोन पिढ्यांनंतर फोटो माळ्यावर जातो आणि तिसऱ्या पिढीला कोण आहेत ते कळत नाही. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे चार जण बसून पंगतीतल्या फोटोत पणजी कोणती यावर वाद घालत होते, आणि मागे एक ओळ असती तर वाद मिटला असता. आपली सही त्या माहितीच्या खाली, बारीक अक्षरात.

जुना फोटो दुरुस्त करून मोठा करून दिला. सही कोणाची?

मूळ फोटो काढणाऱ्याची. पुठ्ठ्यावर जुन्या स्टुडिओचं नाव असेल तर ते स्कॅनमध्ये कापू नका, आणि नव्या प्रिंटच्या मागे लिहा. तुम्ही फक्त ‘दुरुस्ती आणि छपाई’ असं लिहून त्यापुढे सही करा. ठाण्याच्या जुन्या गल्ल्यांमधले कितीतरी स्टुडिओ आता नाहीत. त्यांच्या जागी मोबाइलची नाहीतर कपड्यांची दुकानं आली. त्यांचं नाव शिल्लक आहे ते या पुठ्ठ्यांवरच. जागा वाचवायला मूळ पुठ्ठा फेकून देणारे लोक भेटतात तेव्हा मी हात जोडून सांगतो, निदान त्याचा फोटो काढून ठेवा.

लग्नाच्या अल्बमवर?

करिझ्मा अल्बमच्या पानापानावर स्टुडिओचा लोगो टाकण्याची सवय वाईट आहे. शेवटच्या पानावर किंवा आतल्या कव्हरवर एकदा नाव, गाव, वर्ष. पुरे.

फोटो माझ्या सहकाऱ्याने काढला, काम माझ्या नावावर आहे. सही कोण करणार?

या प्रश्नावर धंद्यात कोणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वैशाख लागला की एका दिवशी दोन-तीन मुहूर्त धरले जातात. मुख्य फोटोग्राफर कळव्यात, दुसरा मुलगा दिवसाच्या पैशावर वाशीत. सप्तपदीचा सगळ्यांत सुंदर फोटो त्या मुलाने काढलेला असतो. अल्बमवर नाव स्टुडिओचं, ते ठीक. ग्राहकाशी बोलणी स्टुडिओने केली, जबाबदारी त्याची. पण त्याच फोटोचा मोठा प्रिंट करून त्यावर स्टुडिओमालकाने हाताने सही करणं ठीक नाही. पगारी नोकराने नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर मालकाकडे जातो, पण कर्ता तरीही फोटो काढणाराच. रोजावर बोलावलेला मुलगा तर नोकरही नसतो.

होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापून आले. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज आपण ज्यांचं नाव घेतो, त्यांना आपलं नाव आपल्याच फोटोखाली लगेच मिळालं नव्हतं. पुढे त्यांनी ‘डालडा 13’ या नावानेही काम केलं. आज त्यांच्या कामाबद्दल बोलताना कोणता फोटो कोणाचा हे शोधावं लागतं, ते अशाच सवयींमुळे.

माझ्याकडे पद्धत अशी: मागच्या लेबलवर ‘छायाचित्र’ पुढे काढणाऱ्याचं नाव आणि त्याची सही, ‘छपाई’ पुढे माझी. ग्राहकांपैकी कोणी आजवर त्याला हरकत घेतलेली नाही. उलट पुढच्या कामाला त्या मुलाला नाव घेऊन बोलावतात, आणि तसं व्हायलाच हवं.

मर्यादित प्रती, म्हणजे 3/25 वगैरे, कधी लिहावं?

स्वतःच्या कामावरच, आणि शब्द पाळायचा असेल तरच. 3/25 म्हणजे पंचवीसपैकी तिसरी प्रत. सव्विसावी कधीच निघणार नाही. ‘तो मोठा आकार होता, हा लहान’ असं म्हणून पुन्हा पंचवीस काढायच्या असतील तर ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. वहीत प्रत्येक प्रतीची नोंद ठेवा: कोणाला, कधी, कोणत्या कागदावर. ऐरोलीच्या खाडीतल्या रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, किंवा नेरूळच्या तलावांवरचा फोटो विकत घेणारा माणूस बहुधा गुंतवणूक म्हणून घेत नाही, त्या पक्ष्यांच्या प्रेमाने घेतो. तरी क्रमांक लिहिला की तो एक करार झाला.

या फोटोंच्या मागे जागा आणि तारीख नीट लिहाच. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, पण आजूबाजूच्या पाणथळ जागा बदलत चालल्या आहेत. कोणत्या महिन्यात, कोणत्या तलावावर किती पक्षी उतरले होते, याचा तुमचा प्रिंट उद्या पुरावा ठरू शकतो. तारीख नसेल तर तो नुसता गुलाबी देखावा उरतो. कौटुंबिक फोटोंवर मात्र क्रमांक घालू नका, तिथे त्याला काही अर्थ नाही.

सहीमुळे प्रिंटची किंमत वाढते का?

घरच्या फोटोची नाही, आणि तसं सांगून कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. स्वतःच्या कामाची वाढू शकते, पण त्या फोटोग्राफरच्या कामाला मागणी असेल तरच. सहीचे वेगळे पैसे मी घेत नाही. कोणी घेऊही नयेत असं मला वाटतं.

ऑफिससाठी प्रिंट घेतले, इंटिरियर डिझायनर म्हणतो समोर नाव नको. काय करावं?

महापे-ऐरोलीच्या ऑफिसांत आणि घोडबंदरच्या दवाखान्यांत हे नेहमीचं आहे. चित्राखाली नको असेल तर मागे करा, पण भिंतीवर शेजारी छोटी पट्टी लावायला सांगा: नाव, ठिकाण, वर्ष. डिझायनर याला सहसा तयार होतात, कारण ती पट्टी भिंतीला शोभते. तीही नको म्हणाले तर तुम्ही ठरवा. मी मागच्या सहीवर समाधान मानून देतो, पण लेबल काढून टाकायची अट मान्य करत नाही.

सही मराठीत करावी की इंग्रजीत?

वाचता येईल अशी करावी. बँकेच्या चेकवरची गिचमिड सही प्रिंटवर उपयोगाची नाही, पन्नास वर्षांनी ती कोणाची हे कोणाला कळणार? मी देवनागरीत पूर्ण नाव लिहितो.

सही नसेल तर फोटोवरचा हक्क जातो का?

नाही. हक्क सहीने येत नाही आणि सही नसल्याने जातही नाही; नोंदणीचीही सक्ती नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. इतक्या लांबच्या काळात नातवंडांना निदान कोणाला विचारायचं ते कळावं, एवढा सहीचा उपयोग नक्की आहे. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: फोटोग्राफरच्या स्वतःच्या कामाचा सही केलेला प्रिंट विकत घेतला म्हणून तो कॅलेंडरवर छापायचा हक्क मिळत नाही. त्यासाठी वेगळी लेखी परवानगी लागते.

ग्राहक म्हणून मी सही मागितली तर फोटोग्राफरला राग येईल का?

अजिबात नाही. प्रिंट घ्यायला स्वतः या, उजेडात एकत्र पाहू, आणि तुमच्यासमोर सही करून देतो. त्या दहा मिनिटांत रंगाची काही तक्रार असेल तर तीही तिथेच सुटते.

बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेला प्रिंट आहे, आता सही मिळेल का?

मिळेल. फ्रेमसकट आणा, घरी खिळे उपटू नका, जुना प्रिंट काचेला चिकटलेला असू शकतो. फ्रेमवाल्याकडून मागचा पुठ्ठा उघडून घेऊ. प्रिंट माझाच आहे आणि रंग टिकलेले आहेत हे पाहून मागे सही करीन, आणि तारीख आजची घालीन, फोटोच्या वर्षाची वेगळी. रंग उडाले असतील तर त्यावर सही न करता फाइल शोधून नवा प्रिंट काढून देतो. पावसाळ्यात मात्र फ्रेम उघडायला नको म्हणून दसऱ्यानंतर या.